पाठमोरी

"मामा, तुमच्या जंगलात ती पाठमोरी बाई दिसते, ती जिवंत आहे की भूत?"

एका दमात विचारून टाकलं तिने. मागे सायकलींना टेकून उभ्या असलेल्या चष्मिश आणि टिंगू तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. पैज त्यांचीच. गेल्या वर्षापर्यंत ही वर्गात मिठाची गुळणी धरून बसायची. मग वादविवादात पहिली आली आणि मैत्रिणींनी तिचं नाव ठेवलं तोफ. तोफेला काय, बत्ती दिली की झालं.

राखीव जंगलाच्या फाटकावरचा रखवालदार तिच्या सायकलीचे टायर दाबून बघत होता. तो हसला नाही.

"कोण सांगतं असलं?"

"सगळी शाळा. रविवारी सकाळी, उताराच्या वळणाखाली. राखाडी स्वेटर. कितीही घंटा बडवा, मागे वळून बघत नाही."

त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मैत्रिणींना म्हणाला, "तुम्ही दोघी नळावरून बाटल्या भरून आणा." त्या गेल्यावर आवाज खाली आला. "तू त्या मुलाची बहीण ना गं? सायकल ओल्या पाल्यावरून घसरून गेला तो. मीच उचललं होतं त्याला."

तिने नुसती मान हलवली.

"मग भूत म्हणू नकोस. तुझी आई आहे ती."

फाटकावरची पाटी तिला लहानपणापासून पाठ होती. या गोल वाटेवर सायकलींनी डाव्या हाताने निघायचं, चालणाऱ्यांनी उजव्या. म्हणजे दोघं समोरासमोर येतात, कुणी कुणाला मागून धडकत नाही. आई मात्र सायकलींच्याच दिशेने चालते, रखवालदार म्हणाला. हटकलं की "बरं" म्हणते, पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

"परवा एकाने तिला चुकवताना हात मोडून घेतला. सगळ्यांनाच चुकवता येईल असं नाही. वर कळवलं तर तिला आत सोडणं बंद होईल, म्हणून गप्प आहे मी. पण एक दिवस तिलाही मलाच उचलावं लागेल, पोरी."

आई घरी सांगायची, शेजारच्या काकूंबरोबर नदीवर फिरायला जाते.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारामागे तो राखाडी स्वेटर खुंटीला होता. दादाचाच. हजारदा पाहिलेला. बाबा लसूण सोलत होते, आई कांदा चिरत होती.

"आई, तू नदीवर जात नाहीस."

सुरी थांबली.

"मी तुला भूत म्हणाले आज, मैत्रिणींसमोर. अशी सायकलींकडे पाठ करून का चालतेस तू?"

"कुठे चालते?" बाबांनी विचारलं. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं.

आई पाटावरच्या कांद्याशी बोलावं तशी बोलली. "समोरून सायकल आली की लांबूनच कळतं, तो नाही. मागून चाकांचा आवाज येतो ना, तेव्हा तो असतो. पुढे निघून जाईपर्यंत असतो."

"आणि धडकली एखादी तर?"

आईने पुन्हा कांदा चिरायला घेतला. त्यापेक्षा "धडकू दे" म्हणाली असती तर बरं, असं तिला वाटलं.

"उद्यापासून घराबाहेर पाऊल..." बाबांनी सुरू केलं.

ती उठून मागच्या खोलीत गेली. दादाची सायकल तिथे जुन्या चादरीखाली भिंतीला टांगलेली होती. ती एकटीने ओढून काढताना भिंतीवर काळा ओरखडा उठला, कोपर सोललं. टायर पार बसलेले. तशीच ढकलत ती स्वयंपाकघरात घेऊन आली. चाकांची टकटक ऐकून आईची पाठ ताठ झाली, पण ती वळली नाही.

"रविवारी ही मी चालवणार," ती म्हणाली. तोफेचा नुसता धूर निघत होता, आवाज नव्हताच. "तू पाटीवर लिहिलंय तशीच चालायचंस. वळणावर समोरून सायकल येईल. तो दादा नसेल, आई, मी असेन. माझ्याकडे बघायचं. आणि बाबा, तुम्ही ब्रेक नीट करून द्यायचे. आत्ताच. मी पाना आणते."