काकांच्या तोंडचं

पुतणीच्या धाकट्या बहिणीचं मोडलेलं लग्न पुन्हा जुळलं, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका दुपारी पुतणीने काकांच्या खाटेशेजारी फरशीवर प्रबंधाची पानं पसरली आणि पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर औषधाच्या बाटल्या ठेवल्या.

"ती तापाची बाटली दे इकडं," काकू म्हणाली. "ताप यांना आलाय, तुझ्या इंग्रजीला नाही."

पुतणी हसली नाही. सोमवारी प्रबंध दाखल झाला नाही, तर नोंदणी रद्द होणार होती आणि तिच्या जोरावर कॉलेजात टिकलेली हंगामी नोकरीही जाणार होती. त्यात मार्गदर्शक बाईंनी तिसरं प्रकरण परत पाठवलेलं.

ते प्रकरण उभं होतं काकांवर. काकांनी उभा जन्म कापड गिरणीत माग चालवले. मागांच्या खडखडाटात कान गेले, पुढे घशाच्या दुखण्यात आवाज गेला. गिरणीत सगळेच ओठांवरून बोलणं ओळखायचे. घरात ती विद्या फक्त काकूकडे होती. काका ओठ हलवायचे, काकू मोठ्याने सांगायची, पुतणी रेकॉर्ड करायची. मग तेच इंग्रजीत नेऊन अवतरणचिन्हांत बसवायची: विणकर म्हणाला, अमुक अमुक.

बाईंनी समासात लिहिलं होतं, 'अवतरणात बोलणाऱ्याचंच बोलणं हवं. तुझ्या शब्दांत सांगायचं तर चिन्हं काढ, पण कोण म्हणालं ते तरीही खरंच लिहावं लागेल. हा माणूस माग चालवायचा ना? मग मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांची बोटं कशी चिरतात, रक्त कपड्याच्या आतल्या दुमडीला का पुसतात, हे याला इतकं कसं ठाऊक? हे बोलणं नक्की कोणाचं?'

पुतणीने रेकॉर्डर उशीजवळ ठेवला.

"काकू, आज काका जेवढं म्हणतील तेवढंच सांग. कमी नको, जास्त नको."

"मी काय पदरचं घालते?"

"तसं नाही गं. गिरणीतलं काय आठवतं, एवढंच विचार."

काकूने काकांसमोर तोंड नेऊन ओठ हलवले. काकांचे ओठ जेमतेम हलले, थांबले.

"हे म्हणतात," काकूने सुरुवात केली, "सकाळी बोटांना मेण लावून बसायचं, तरी दुपारपर्यंत सूत कापायचंच. मुकादमाला बोट दाखवलं तर तो म्हणायचा, आधी धुऊन ये, सुताला डाग पडेल. मग..."

"काकू."

"काय?"

"एवढं नाही बोलले ते."

काकूने उजवा हात पांघरुणाखाली सारला.

"काय म्हणाले काका?"

"पोरीने खाल्लं का, विचारतात."

"आणि आजवर?"

"तेच. नाहीतर पंखा वाढव म्हणतात. गिरणीचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात. तू एवढ्या लांबून यायचीस, ते यंत्र पुढ्यात ठेवायचीस. तुला हात हलवत कसं परत पाठवू?"

पुतणी पानांमध्येच खाली बसली. "बुडाले मी. सगळं प्रकरण खोटं आहे."

"खोटं?" काकूचा आवाज चढला. "एक अक्षर खोटं नाही त्यात. लग्नाआधीपासून कांड्या खात्यात होते मी."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू यांना विचारत होतीस."

पुतणीने एक पान उचललं, मग दुसरं. बोलणं जसंच्या तसं होतं. खोटं होतं ते फक्त 'विणकर म्हणाला' एवढंच.

"मग तुझं म्हणून घालते," ती म्हणाली.

काकूने तिचं मनगट धरलं. "खबरदार! सगळ्या गल्लीला सांगून बसलेय, यांच्यावर इंग्रजीत पुस्तक होतंय म्हणून. यांनाही सांगितलंय. तेव्हापासून तू यायची म्हटलं की आधी दाढी करून मागतात. दुसरं काय उरलंय त्यांच्याकडे?"

"आणि मी खोटं लिहून नोकरी घालवू?"

"नको घालवू. पण यांचंही काढून घेऊ नकोस. तू शिकलेली आहेस, बघ काहीतरी."

रविवारी दुपारी पुतणी छापलेली प्रत घेऊन आली. काकांची दाढी केलेली होती, हनुवटीवर साबण राहून गेला होता. काकू पन्नाशीत अक्षरं शिकली होती, पण तीही मराठीच. तिने तिसऱ्या प्रकरणाच्या ओळींवरून बोट फिरवलं.

"यांचं कुठं आलंय, दाखव."

इंग्रजीत जागोजाग लिहिलं होतं: विणकराच्या पत्नीने, जी स्वतः कांड्या खात्यात कामाला होती, सांगितलं. पुतणीने त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि मराठीत वाचून दाखवलं, "विणकर म्हणाला, बोटांना मेण लावून बसायचं, तरी दुपारपर्यंत सूत कापायचंच."

काकूने ते काकांना ओठांनी सांगितलं. पान संपेपर्यंत पुतणी वाचत राहिली, काकू सांगत राहिली.

"काय म्हणतात?" शेवटी पुतणीने विचारलं.

"म्हणतात, बरोबर लिहिलंस."

पुतणीने काकांच्या ओठांकडे पाहिलं नव्हतं. ती पानं सारखी करत होती.

सोमवारी प्रबंध दाखल झाला. काका त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी गेले. काकू, पुतणीच्या धाकट्या बहिणीचा मुलगा शाळेत जाऊ लागला, त्या वर्षी गेली.