उपाशी पोटाचं रक्त

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत मी शिपाई होतो. "उपाशी पोटी या," असं रोज दहादा बजावायचो. धाकटी बहीण महिनोन्महिने मनाने खचलेली होती. अन्नातून मिळणारं ट्रिप्टोफॅन नावाचं द्रव्य अशा माणसांच्या रक्तात अनेकदा कमी सापडतं, म्हणून डॉक्टरांनी ते तपासायला सांगितलं.

त्या सकाळी कित्येक दिवसांनी ती म्हणाली, "दादा, भूक लागलीय." मला राहवलं नाही. दोन अंडी आणि दूध दिलं, आणि प्रयोगशाळेत ती उपाशीच आहे असं सांगितलं.

ट्रिप्टोफॅन भरपूर निघालं.

"ठणठणीत आहेस. आता नखरे पुरे," मी म्हणालो.

"बरं, दादा."

पुढे ती हे जग सोडून जाईपर्यंत तिने मनातलं मला सांगितलं नाही, आणि मी त्या अंड्यांचं डॉक्टरांना.