दुसरा घास

इथिओपियात फुलांच्या शेतावर दोन वर्षं ट्रॅक्टर चालवून मुकेश तलासरीजवळच्या पाड्यावर परतला. येताच त्याने नाचणीचं पीठ तीन दिवस आंबवलं, परातीएवढ्या मऊ, जाळीदार आंबोळ्या घातल्या आणि त्यांवर कोंबडीचा लालभडक रस्सा ओतला.

"तिकडे सगळे एकाच परातीत जेवतात," तो म्हणाला. मग तिकडच्या रीतीप्रमाणे पहिला घास त्याने मानाने वहिनीला, दक्षाला, स्वतःच्या हाताने भरवला.

तिच्या नवऱ्याने, लडक्याने, पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. धाकट्या भावाचा तोच हात परातीशेजारी जमिनीवर दाबून धरून त्याने मुसळाने तीनदा ठेचला. बोटं मोडल्याचा आवाज दक्षाने ऐकला. रक्ताचे शिंतोडे रश्श्यात उडाले.

"दादा," मुकेश कण्हत म्हणाला, "एका घासावर थांबलं तर वैर होतं म्हणतात तिकडे. दुसराही भरवायचा असतो."

लडक्या बायकोकडे वळला. "थुंक तो घास."

दक्षाने घास गिळला. बारा वर्षांत या माणसाने तिच्या तोंडावर हात कितीदा उगारला होता, तोंडात घास एकदाही घातला नव्हता. तिने कुडाच्या भिंतीत खोचलेला कोयता ओढला आणि त्याच्या गळ्यावर रक्ताचा थेंब येईपर्यंत टेकवला. दुसऱ्या हाताने तिने परातीतला, मुकेशचं रक्त उडालेलाच घास केला.

"तोंड उघड," ती म्हणाली. "वैर नको."

लडक्याने तोंड उघडलं.