जांभळांचा सडा

बसवनगुडी या जुन्या वस्तीतल्या त्या घराच्या परसात जांभळाचं मोठं झाड होतं. मे सरत आला की खालची फरशी दिसेनाशी व्हायची. पायाखाली फुटलेली फळं, त्यांवर माशा, आंबूस वास. मागल्या हंगामात त्याच चिखलात विमलाबाई घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्यांची सून मथुरा घरूनच काम करत होती. नवरा अभिमन्यू मस्कतला. घरात दुसरं कोणी नव्हतं.

झाड पाडायची परवानगी मिळाली नाही. पाहायला आलेला अधिकारी म्हणाला, झाड निरोगी आहे, फार तर फांद्या छाटा. छाटल्या, तरी जांभळं पडायची थांबली नाहीत. मथुरा सकाळी बादल्या ओतून फरशी घासायची आणि जेवणं होईपर्यंत परस पुन्हा माखलेलं असायचं. शेवटी तिनं मागच्या दाराला कुलूप घातलं. मीटिंगमध्येही तिचा एक कान तिकडेच असायचा. सासूबाई अधूनमधून कडी हलवून पाहायच्या.

एक दिवस ऑफिसनं तिला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला बोलावलंच. निघताना विमलाबाईंनी विचारलं, पुढचं दार तू बाहेरून लावून जाणार, घरात आग लागली तर मी कुठून बाहेर पडू?  परसात जाणार नाही असं वचन घेऊन मथुरेनं मागचं कुलूप काढलं.

परतताना रिंग रोडवर बस अडकली. तिनं घरी फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. चारी बाजूंना गाड्या, उतरून चालावं तर घर फार लांब. तेवढ्यात तिच्या मनात आलं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. आपणच असा विचार केला म्हणून ती दचकली, आणि खिडकीकडे तोंड करून रडली.

घरी पोचली तेव्हा मागचं दार उघडं होतं. विमलाबाई धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या. साडीवर डाग, ओठ जांभळे.

"अत्ते, पडलात?" मथुरेनं सासूबाईंना विचारलं.

"नाही ग. स्वल्प बसावं म्हटलं, मग उठताच येईना."

"हाक मारायची. शेजारचे आले असते."

"त्यांनी तुला सांगितलं असतं. मग तू पुन्हा कुलूप घातलं असतंस."

मथुरेनं काखेत हात घालून त्यांना उठवलं. सगळा भार तिच्या अंगावर आला. त्यांची बोटं तिच्या दंडात रुतली. आत नेऊन ती त्यांचे पाय धुऊ लागली, तेव्हा विमलाबाई हळूच म्हणाल्या, "तुलाही कुठं जाता येत नाही. कळतं मला."

दुसऱ्या दिवशी मथुरेनं ऑफिसला येणार नाही असं कळवलं. झाडाखाली हातांची उंच खुर्ची ठेवली, दारापासून तिथवर गोणपाट अंथरलं आणि सासूबाईंना नेऊन बसवलं. स्वतः लॅपटॉप घेऊन उंबऱ्यात बसली. त्यांना एकटं सोडून आत जायचा धीर होईना. संध्याकाळपर्यंत गोणपाटावर फळांचा थर साचला. ती उठली आणि ते झटकू लागली.