उलटी बसवलेली रबरं

खंडेनवमीला पुण्यातल्या सायकलवाल्याला मरायलाही फुरसत नसते. वर्षभर खडखडत हाणलेली सायकल त्या दिवशी पुजायची असते, तेव्हा ती आधी चकाचक हवी. झेंडूची माळ आणायला सगळे पुढे! ब्रेक लागत नाही हे मात्र आठवतं ते त्याच दिवशी दुपारी, आणि मग सगळ्यांनाच घाई. शनिवार पेठेत मकबूलच्या दुकानापुढे त्या दुपारी सतरा सायकली उभ्या होत्या आणि तितकीच माणसं त्याच्या डोक्यावर बसली होती.

मकबूल म्हणजे ब्रेकचा माणूस. पंक्चर काय, कुणीही काढेल; पण ब्रेक लावावा तो मकबूलनं, असं पेठेत म्हणत. पुरात दुकान धुऊन निघालं, तेव्हाही पाणी ओसरल्यावर लोक त्याला शोधत आले होते. या गोष्टीचा त्याला ताठा होता, आणि का नसावा? ब्रेकचं काम करायचं तर सायकल आकड्याला टांगून, आणि एका वेळी एकच, ही त्याच्या बापाची, दादामियाँची शिस्त. वीस वर्षांत त्यानं ती मोडली नव्हती. आज मात्र आकडा एक आणि गिऱ्हाइकं सतरा. शेवटी त्यानं दोन सायकली रस्त्यातच उलट्या केल्या, हँडल खाली आणि चाकं वर, आणि दोन्हींच्या पुढच्या ब्रेकची रबरं एका दमात बदलून टाकली.

त्यातली एक होती सुनीतीबाईंची. मुलींच्या शाळेत शिकवायच्या. बोलायला गोड, पण कायम घाईत.

"मागचा ब्रेक दिवाळीत बघू हं, मकबूलभाई. तो नावालाच आहे. पुढचा नीट लागला की झालं. आईकडे निघालेय वारज्याला," असं म्हणून त्यांनी ब्रेक जरासा दाबून पाहिला, मान डोलावली आणि गेल्या.

दुसरी सायकल आप्पासाहेबांची. हे पेन्शनीत निघालेले गृहस्थ, हाताची घडी घालून तासभर नुसते उभे होते आणि दर पाच मिनिटांनी घसा खाकरत होते. मधली दोन पंक्चरं उरकून मकबूलनं त्यांची सायकल सरळ केली, पुढचं चाक उचलून जोरात फिरवलं आणि करकचून ब्रेक दाबला. टप्प! रबर सुटलं आणि जाऊन आप्पासाहेबांच्या नडगीवर बसलं.

"वा!" आप्पासाहेब म्हणाले. "ब्रेक सांगितला होता, गलोल नाही."

रांगेतली माणसं हसली. मकबूल हसला नाही. तो खाली वाकला आणि बघतच राहिला. रबर बसतं एका लोखंडी खोबणीत. खोबणीचं एक तोंड बंद असतं, एक उघडं. चाक ज्या बाजूला पळतं, त्या बाजूला बंद तोंड हवं. म्हणजे चाकानं कितीही ओढलं तरी रबर भिंतीला टेकून राहतं. इथं त्या बाजूला उघडं तोंड होतं. उलट्या सायकलीनं त्याचं पुढचं-मागचं फिरवून टाकलं होतं. आणि दोन्ही सायकली त्यानं एकाच हातानं, एकाच दमात उरकल्या होत्या.

सपाटीवर हलक्या हातानं दाबलं तर तो ब्रेक धरेल, शंकाही येणार नाही. पण उतारावर जोरात दाबला, की दोन्ही रबरं सुटून रस्त्यात. आणि वारज्याच्या अलीकडे कालव्याकडे उतरणारा तो उतार, खाली एकदम वळण, वळणावर बिनकठड्याचा पूल! बाईंना जाऊन वीस मिनिटं झाली होती.

त्याची स्वतःची सायकल दोन महिने चेनवाचून भिंतीला टेकली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यानं पाना खिशात कोंबला आणि आप्पासाहेबांच्या हँडलला हात घातला.

"अहो, सायकल द्या. आत्ता आणतो."

"ही? हिला ब्रेक नाही ना रे?"

"मागचा आहे."

"कुणाच्या जिवावर उठलायस?"

"उठलोय खरा," असं म्हणून मकबूलनं टांग मारली.

लकडी पुलावर त्याला पहिला घोळका दिसला. बघतो तर आपट्याच्या पानांची गाडी. डेक्कनवर दुसरा घोळका. तिथं दोन टांगेवाले भांडत होते. या अल्ला, भांडा बाबांनो, खुशाल भांडा! घोळका दिसला की वाटायचं, अपघात इथंच झालाय, आणि नसला की वाटायचं, पुढं झालाय. कर्वे रस्त्यानं तो असा सुटला की कोथरूडपर्यंत त्याला श्वास घेतल्याचंही आठवत नव्हतं. डोळ्यांपुढं सारखी ती दोन रबरं. आपणच कापलेली, आपणच ठोकून बसवलेली.

कोथरूडच्या पुढं वस्ती विरळ झाली. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी झेंडू विकत बसली होती.

"आजी, एक बाई गेल्या का इथनं? लेडीज सायकल, चष्मा?"

"गेली की आत्ताच. माझ्याकडनंच माळ घेतली. मागं पोरगी बसलीया, लय ग्वाड हाय."

पोरगी? दुकानात तर मुलगी नव्हती. घरी जाऊन तिला घेतलं असणार. म्हणूनच अजून पोचल्या नाहीत. मकबूलनं पायडल हाणलं.

आणि मग दिसल्या. उताराच्या तोंडाशी हिरवं लुगडं, मागं कॅरिअरवर पाच-सहा वर्षांची मुलगी, हातात झेंडूची माळ. सायकल नुकतीच उताराला लागली होती.

मकबूलनं हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक मारली तर बाई काय करतील? दचकून ब्रेकच दाबतील! ज्याला हात लावायचा नाही, त्याच्यावरच हात जाईल. आणि नाही मारली, तर चार सेकंदांनी वळणासाठी आपण होऊनच दाबतील. काय करावं? रडावंसं वाटलं त्याला, खरोखर. मग त्यानं डोकं खाली घातलं आणि उतारावर पायडल मारलं.

तो मागून आला तसं मुलीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. तिला वाटलं गंमत आहे. ती खुदकन हसली. त्यानं डाव्या हातानं कॅरिअरचा गज घट्ट धरला आणि उजव्या हातानं आपला मागचा ब्रेक हळूहळू आवळत नेला.

"कोण आहे रे मेल्या!" सायकल जड झाली तशा बाई किंचाळल्या. हँडल लटपटलं.

"मकबूल आहे, बाई! ब्रेक दाबू नका! पाय टेका, पाय!"

दोन सायकली, चार पाय, सगळा धुरळा. पुलाच्या पंधरा-वीस हात अलीकडे ते थांबले. मकबूलची एक वहाण वरच कुठंतरी राहिली होती.

"तुम्ही? इथं?" बाईंचा चष्मा नाकावर घसरला होता. "झालं काय?"

नट ढिला राहिला, असं म्हटलं असतं तर खपलं असतं. उलट उपकारच झाले असते. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण कॅरिअरवरून ती मुलगी अजून हसतच बघत होती.

"रबरं मी उलटी बसवली, बाई. इथं दाबला असता तर उडून गेली असती. चूक माझी."

सुनीतीबाईंनी पुलाकडे पाहिलं. मग खालच्या पाण्याकडे. मग लेकीला उतरवून जवळ घेतलं. त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं मकबूलला वाटलं.

त्यानं तिथंच मातीत बसकण मारली. या वेळी सायकल सरळ उभी, एका वेळी एक बाजू, बंद तोंड पुढं. मग तो स्वतः सायकलीवर बसला, उतारावर सोडली आणि सगळा जोर लावून ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी उभी राहिली. पुन्हा वर आणली, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदाही.

"आता बिनघोर जा, बाई. हत्ती बसवला तरी थांबेल."

"हो, दिसतंय ना. छान लागलाय," बाई म्हणाल्या. "आणि एवढ्या लांब धावत आलात. विश्वास आहे हो तुमच्यावर."

त्यांनी हँडल हातात घेतलं. मुलगी कॅरिअरकडे झेपावली.

"नको, बेबी. बसून बसून पाय आखडले असतील तुझे. एवढा उतार चालू या."

मकबूल वहाण शोधायला वर गेला. ती सापडली तेव्हा त्यानं वळून पाहिलं. उतार संपला होता, पूल मागं पडला होता. पुढं वारज्यापर्यंत रस्ता अगदी सपाट होता. मुलगी पुन्हा पुन्हा कॅरिअरला लोंबकळत होती आणि सुनीतीबाई एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं सायकल ढकलत चालतच होत्या.