ते काळं माझं आहे

मी एक जुनी काशाची वाटी आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिलाही हे वाचून दाखवा. खोट्या कौतुकाने अंगाचा किती तिळपापड होतो, ते तिला ठाऊक असेल.

तांबं आणि कथील वितळवून मला ओतलं आणि ठोकून ठोकून गोल केलं. सुंदराच्या लग्नात, तिच्या तानसा तलावाकडच्या माहेरून, आंदणाच्या भांड्यांत मी मुरबाडजवळच्या या गावी आले. शेतातून आल्यावर पायांची आग व्हायची, तेव्हा तळव्याला तूप लावून माझ्या गुळगुळीत पाठीने घासायचे. पाय निवायचे आणि माणूस घोरू लागायचा. हे माझं काम, आणि ते मला चांगलं येतं. पुढे स्टीलची भांडी आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. राग आलाच, पण तो साधा राग होता. खरा राग पुढे आला.

सुंदराला कंपवात झाला. कल्याणच्या मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हा आजार जाणार नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहील. गोळी वेळेवर घ्यायची, मनाने बंद करायची नाही. तिचा हात थरथरतो, ते सगळ्यांना दिसतं. पाय दुखतो, ते कुणालाच दिसत नाही. पहाटे आदल्या गोळीचा जोर ओसरला, की तिच्या उजव्या पायाची बोटं आपोआप आत वळतात, टाच उचलते आणि पोटरीपर्यंत कळा जातात. सकाळची गोळी घेऊन ती दात आवळून बसते. गोळी लागू झाली की पाय सुटतो आणि ती कुणाचा हात न धरता परसात जाऊन येते. एवढं एक चालणं तिने स्वतःसाठी राखलं होतं.

तिचा नवरा नथू माणूस भला, पण थोरल्या बहिणीपुढे त्याची बोलती बंद. ती बहीण, जनाबाई, शहापूरहून राहायला आली आणि तिने मला माळ्यावरून काढलं. सुंदराच्या तळव्याला तूप फासून ती मला घासू लागली. थोड्या वेळात तळवा काळाकुट्ट झाला.

"बघ रे नथू, किती उष्णता निघाली," जनाबाई म्हणाली.

मित्रांनो, ते काळं माझं आहे. तूप आणि घाम लागला आणि वरून घासलं, की माझं कासं झिजतं आणि त्याचं काळं होतं. झिजायचं मी आणि नाव उष्णतेचं! पण ऐकतो कोण? आळीतल्या बायका तो तळवा बघायला अशा यायच्या, जणू म्हसा गावच्या जत्रेतला पाळणाच. सुंदराला विचारलं कुणीच नाही. घासल्यावर तिला घटकाभर बरं वाटायचं, हे खरं. पण सकाळी बोटं वळायची ती वळायचीच.

मग जनाबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. "एवढी उष्णता येते कुठून? त्या गोळ्यांचीच हाय. बंद कर गो त्या. वाटी हाय ना."

"डागतरला विचारा तरी," सुंदरा म्हणाली.

"डागतरला काय ठाव हाय वाटीचं?"

नथूने खाली बघितलं. "आक्का म्हणते तर बघू दोन-चार दिवस," तो पुटपुटला, आणि गोळ्यांची पाकिटं बहिणीच्या पिशवीत गेली. त्या क्षणी मला उडता आलं असतं, तर दोघांच्या डोक्यात बसले असते.

दुसऱ्या दिवशी पाय वळला तो सुटेचना. उन्हं वर आली तरी सुंदरा भिंतीला टेकून तशीच. अंग लाकडासारखं ताठ झालेलं, घास गिळायलाही जड जात होता. आणि जनाबाई? ती मला दुप्पट जोराने घासत होती. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

"नका हो वन्सं, कळ मस्तकात जाते."

"अजून बाकी हाय गो. बघ, काळं येतंय."

तेव्हा सुंदराने मला जनाबाईच्या हातातून हिसकावलं. बसल्या बसल्या सरकत ती भिंतीकडेच्या दगडी पाट्यापाशी गेली. त्यावर तूप ओतलं आणि मला घासायला लागली. हात आधीच थरथरत होता, घासायला वेगळे कष्ट पडले नाहीत. दगडाने माझी पाठ ओरबाडून निघाली. पाटा काळाकुट्ट झाला.

"वन्सं, पाट्याला पन उष्णता झालीय," सुंदरा म्हणाली. "ह्याच्या कुठल्या गोळ्या बंद करू?"

नथूने पाट्यावर बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट बघितलं. मग उठला, बहिणीच्या पिशवीत हात घालून त्याने पाकिटं काढली आणि डॉक्टरांना फोन लावला. फोनवर तो नुसता "चुकलं, चुकलं" म्हणत होता. डॉक्टरांनी सांगितली तशी त्याने गोळी दिली.

"माझ्या भावाच्या घरात मलाच शिकवते," असं म्हणत जनाबाईने पिशवी उचलली आणि मिळेल त्या जीपने ती निघून गेली. शहापुरात ती अजून सांगते म्हणे, की गुण येतच होता, भावजयीने वाटी बाटवली.

पाय त्या दिवशी सुटला नाही. तिचं परसातलं चालणं परत यायला बरेच दिवस लागले, आणि ते दिवस जनाबाईने भोगले नाहीत, सुंदराने भोगले.

आता सकाळची गोळी लागू होईपर्यंत नथू मला तिच्या तळव्यावरून हलके फिरवतो. माझ्या पाठीवर ओरखडे आहेत, म्हणून आधी तो मला स्वतःच्या गालावर फिरवून बघतो. "बास" असं सुंदरा म्हणाली, की थांबतो. एवढीच माझी औकात आणि एवढाच माझा मान.

तर मित्रांनो, पाय ज्याचा दुखतो त्याला आधी विचारा. माझ्यावर विश्वास जरूर ठेवा, पण वाटीवर ठेवतात तेवढाच. तळवा काळा दिसला, तर शेजाऱ्यांना हाका मारू नका, साबणाने धुऊन टाका. आणि गोळीची वेळ झाली असेल, तर मला खाली ठेवा आणि पाणी आणा.