हललेला फोटो

"अगं निघ बाहेर! रविवार आहे म्हणून माणसाचं पोट सुट्टीवर जात नाही!"

"बाबा, दार ढकलू नका! कागद उघडा आहे!"

"आणि इथं माझी काय अवस्था आहे, ते बघ!"

एक्सरेताईने दाराला पाठ लावली आणि लाल दिव्याच्या उजेडात ट्रे हलवत राहिली. दर रविवारी सकाळी घरातलं बाथरूम तिचं डार्करूम व्हायचं. खिडकीवर काळी चादर, वॉशिंग मशीनवर फोटो मोठा करायचा एन्लार्जर, बादलीवर फळी आणि फळीवर ट्रे. घरात माणसं दोनच, ती आणि बाबा, पण रविवारी सकाळी भांडण दहा माणसांचं व्हायचं.

ट्रेमधल्या कागदावर फोटो उमटायला लागला. आधी आरशाची काळी चौकट आली. मग बाबांचा खांदा. मग गालावरचा साबण, म्हणजे खरं तर काहीच नाही, नुसता पांढरा कागद. मग एक डोळा, असा रोखलेला की जणू आरशातल्या माणसाने उधार नेलंय. शेवटी वस्तरा धरलेला हात यायला पाहिजे होता. तो आलाच नाही. त्या जागी राखाडी वाफेसारखं काहीतरी आलं.

"हलला," ती पुटपुटली. "परत हलला."

ती हॉस्पिटलात एक्सरे काढायची. सोमवार ते शनिवार तोंडात एकच मंत्र: श्वास घ्या, रोखा, हलू नका. सवय अशी लागलेली की कॅमेरा डोळ्याला लावला तरी तोंडातून तेच निघायचं. त्यामुळे तिच्या फोटोतली सगळी माणसं रिपोर्टची वाट बघत बसल्यासारखी दिसायची.

हा मंत्रही तिचा स्वतःचा नव्हता, वडिलोपार्जित होता. बाबांचं नाक्यावर केस कापायचं दुकान होतं आणि तेही जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आले, "हलू नका." मग एक दिवस गिऱ्हाईक हललं नाही, बाबांचाच हात हलला आणि त्या माणसाच्या कानाला कात्री लागली. रक्त थेंबभरच आलं. पण बाबांनी कापूस लावला, पैसे घेतले नाहीत आणि त्याच संध्याकाळी शटर ओढलं ते परत उघडलं नाही. तेव्हापासून हात हलतोच. कप बशीवर वाजतो. लोक आधी हाताकडे बघतात आणि मग घाईघाईने तोंडाकडे. म्हणून बाबांनी बाहेर जाणंच सोडलं. दाढी मात्र रोज स्वतःची स्वतः करायचे, तीही उघड्या वस्तऱ्याने. त्या वेळी कोणी मध्ये बोललेलं चालत नसे.

फोटो काढताना ती दहादा म्हणाली होती, "बाबा, हलू नका ना."

"मी कुठं हलतोय? हात हलतोय. त्याला सांग."

शेवटी दार उघडलं आणि बाबा तिला ढकलून आत घुसले. निवांत होऊन बाहेर आले तेव्हा फोटो दोरीला टांगलेला होता. त्यांनी मान वाकडी करून बघितला.

"साबण झकास लागलाय."

"हो."

"हात कुठाय?"

"हललाय."

"हं." मग दुसरीकडे बघत, "भिंतीवर लागणार का हा?"

तिच्या फोटोवाल्या ग्रुपचं वर्षातून एकदा प्रदर्शन असायचं. कुठले फोटो लावायचे ते आजच ठरणार होतं.

"लागला तर बघायला याल?"

"माझा लागला तर येईन. स्वतःला बघायला कोण जात नाही? दुसऱ्यांची तोंडं बघायला मी कशाला मरायला येऊ?"

 तिने हेअर ड्रायर आणून तो फोटो असा वाळवला, जसं बाळाचं डोकं पुसतात.

*

ग्रुप भरायचा दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत. रविवारी पेशंट नसायचे, तरी भिंतीवरच्या चित्रातला मोठा किडका दात सगळ्यांकडे बघत असायचा. फोटो फक्त ब्लॅक अँड व्हाइट. रंगीत आणला तर चहा मिळत नसे.

आणि एक नियम होता. फोटोवर नाव मागच्या बाजूला लिहायचं. सगळे फोटो पिना मारून लावायचे आणि प्रत्येकाने प्रत्येक फोटोवर बोलायचं, स्वतःच्याही. आपला कुठला ते कळू द्यायचं नाही. नियम का आला? तर पूर्वी सगळे डॉक्टरांच्या फोटोंना वा वा करायचे, कारण खोली त्यांची, चहा त्यांचा आणि दात आपले. नियम आल्यावर डॉक्टरांना पहिल्यांदा कळलं की आपण बदकं सोडून दुसरं काही काढू शकत नाही, आणि बदकंही बरी येत नाहीत.

"इथे कोणीतरी जिना काढलाय," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

खोलीत जिना काढणारा एकच माणूस होता. त्यांना म्हणायचेच जिनेवाले काका. गुडघे गेल्यापासून ते फक्त जिन्यांचे फोटो काढायचे. म्हणायचे, चढता येत नाही, निदान घरी तरी नेतो. आता त्यांनी चष्मा वर केला, स्वतःच्याच जिन्याजवळ गेले आणि परक्यासारखे बघायला लागले.

"जिना बरा आहे. कोणाचा आहे कोण जाणे. पण माणूस जाणकार वाटतो."

"या कठड्याला टेकलं तर माणूस खाली जाईल," विमावाला म्हणाला. तो विमा विकायचा आणि त्याला कुठल्याही फोटोत फक्त काय पडणार एवढंच दिसायचं. त्याचे स्वतःचे फोटोही भेगा गेलेल्या भिंती आणि कललेले खांब यांचेच.

असं करत करत गाडी साबणाच्या फोटोपाशी आली.

"हा कापून घेणार," विमावाला म्हणाला आणि का कोण जाणे, त्याचा हात स्वतःच्या कानाकडे गेला.

"पांढरं जळालंय," डॉक्टर म्हणाले. "साबणात काही दिसतच नाही."

जिनेवाले काका बराच वेळ बघत राहिले. "हात पुसून टाकल्यासारखा झालाय," ते म्हणाले. "पण काहीतरी आहे हो यात. डोळा बघा ना डोळा. मला..."

एक्सरेताई मनात मतं मोजायला लागली. काका हात वर करणार. काकांनी केला की डॉक्टर करतात, डॉक्टरांनी केला की विमावाला.

"आणि तुम्ही ताई?"

मागच्या वर्षी तिने स्वतःच्या फोटोला थोडं, अगदी चिमूटभर चांगलं म्हटलं होतं. "हा तुमचाच!" म्हणून डॉक्टर ओरडले होते आणि महिनाभर सगळ्यांनी तिची खेचली होती. या वेळी सापडायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात. ती उठून फोटोसमोर गेली. तिथे तो राखाडी डाग बघितला आणि सोमवार ते शनिवारचं तोंड आपोआप सुरू झालं.

"हा हललाय. आमच्याकडे असा निघाला तर मी पेशंटला परत टेबलावर घेते. हाड कुठं संपतं, हवा कुठं सुरू होते काही कळत नाही. हे बघा, इथं बोटं असायला पाहिजेत. आहेत का? हात नाही दिसत, हाताचा अंदाज दिसतो. अंदाजावर प्लास्टर घालतात का कोणी? हलला म्हणजे गेला. एक फिल्म फुकट."

बोलता बोलता तिला मजाच यायला लागली होती. थांबली तेव्हा खोलीत सगळे मान हलवत होते.

"वा," डॉक्टर म्हणाले. "याला म्हणतात बोलणं."

"मला जरा आवडला होता," जिनेवाले काका खजील होऊन म्हणाले, "पण तुमचं पटलं."

"कोण कोण लावा म्हणतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

एकही हात वर गेला नाही. तिचाही नाही. एवढं बोलल्यावर हात वर करायचा तरी कुठल्या तोंडाने?

मग नेहमीप्रमाणे नावं वाचायची वेळ आली. डॉक्टरांनी साबणाचा फोटो काढला, उलटा केला आणि वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं.

"ताई, हा तुमचा आहे."

"माहितीय मला," ती म्हणाली.

"अहो पण तुम्हीच तर..."

"नियम आहे ना?"

"मॉडेल कोण आहे?" काकांनी हळूच विचारलं.

"माझे बाबा. हात कापतो त्यांचा."

विमावाला खुर्चीत ताठ झाला. "बाबा म्हणजे... नाक्यावरचं केस कापायचं दुकान होतं, ते?"

"हो."

"मी तिथलाच," तो म्हणाला. डाव्या कानाच्या पाळीवर पांढरी रेघ होती, त्यावर त्याने बोट ठेवलं. "शेवटचं गिऱ्हाईक."

सगळे त्या कानाकडे बघायला लागले. मग डॉक्टर एकदम उत्साहाने म्हणाले, "मग परत मत घेऊ! आता लक्षात येतंय हो. हात कापतो, म्हणजे ते हलणं मुद्दाम आहे. त्यात अर्थ आहे."

"मलाही आधीच वाटलं होतं," विमावाला म्हणाला.

इथे एक्सरेताईची सटकली.

"काय वाटलं होतं? मघाशी फुकट गेलेली फिल्म होती आणि आता माझे बाबा आहेत म्हणून त्यात अर्थ आला? मग सगळ्यांनी आपापले बाप आणा ना! काकांनी काकूंना बसवावं जिन्यावर! फोटो तोच आहे. बदललं काय? तुमचं तोंड बदललं!"

तिने फोटो हिसकावला, पिशवीत घातला आणि चहा न पिताच निघाली. दारातून परत आली, कारण छत्री राहिली होती. त्यामुळे रागाची थोडी पंचाईत झाली.

*

"काय झालं?" बाबांनी विचारलं. ते दाराशीच बसलेले. कप बशीवर किणकिणत होता.

"नाही लागला."

"का?"

"हात हलला म्हणाले."

"बरोबर आहे. हलतोच." त्यांनी एक घोट घेतला. "सगळ्यात जास्त कोण बोललं?"

खोटं बोलायचं तिच्या मनात आलं, पण त्यांनी आरशातल्यासारखा डोळा रोखला होता.

"मी," ती म्हणाली.

आणि नियमापासून सगळं सांगितलं. अंदाजावर प्लास्टर घालतात का, इथपर्यंत आली तेव्हा बाबा हसायला लागले. असे हसले की चहा बशीत, बशीतून लुंगीवर आणि लुंगीवरून फरशीवर गेला.

"अगं, मी चाळीस वर्षं दुकान चालवलं, पण स्वतःच्या कात्रीला कधी बोथट म्हणालो नाही! तू कुणावर गेलीस?"

"हसू नका. माझ्या मनात होतं तो लागावा, तुम्ही यावं. मीच माती केली."

बाबांनी ओल्या लुंगीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"प्रदर्शन कधी आहे?"

"पुढच्या रविवारी. कशाला?"

"एवढे शहाणे लोक आहेत, त्यांनी स्वतः काय दिवे लावलेत, ते बघायला नको?"

पुढच्या रविवारी बाथरूम सकाळपासून बाबांकडे होतं. मग शर्टाची बटणं सुरू झाली. ती मदतीला गेली नाही. बाहेर पायरीवर बसून बांधलेल्या बुटांची नाडी सोडत आणि परत बांधत राहिली. बाबा बाहेर आले तेव्हा एक बटण चुकीच्या काजात होतं. तिने बघितलं आणि बघितलं नाही.

प्रदर्शन दवाखान्यातल्या त्याच खोलीत होतं आणि गर्दी बरी होती. बाबांनी उजवा हात खिशात कोंबला आणि भिंतीपासून सुरुवात केली.

"हा जिना आहे. माणूस कुठाय? पडला का?"

जिनेवाले काका मागेच उभे होते. "माणूस वर गेलाय," ते म्हणाले.

"किती वर?" बाबांनी विचारलं आणि काका इतके हसले की त्यांना धरून बसवावं लागलं.

बदकांसमोर बाबा जरा जास्त थांबले. डॉक्टर आशेने जवळ सरकले.

"चांगली आहेत," बाबा म्हणाले. "मान कशी छान कापलीय."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, विमावाला भिंतीला चिकटून उभा होता. बाबांना आधी तो दिसला नाही. दिसला तेव्हा त्यांचं बोलणं थांबलं. खिशातला हात जोरात हलायला लागला, तो कापडातूनसुद्धा दिसत होता. एक्सरेताईला वाटलं, आता बाबा मागे वळणार आणि थेट घरी जाणार.

बाबा चालत खिडकीपर्यंत गेले.

"परत आलाच नाहीत तुम्ही," ते म्हणाले.

"आलो होतो," विमावाला म्हणाला. "शटर बंद होतं."

"मग? कुठं कापता हल्ली?"

"चौकात. एसी आहे तिथं."

"दिसतंयच. कानामागं काय कुरतडलंय. उंदीर ठेवलाय का कामाला?" बाबा आणखी जवळ सरकले. "कान बघू."

"अहो, काही नाही हो, थेंबभर तर..."

"बघू म्हणतो ना."

खिशातून हात बाहेर आला. सगळ्या खोलीने तो बघितला. चौकातल्या एसीवाल्याला जमणार नाही अशा ऐटीत बाबांनी विमावाल्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे फिरवलं.

एक्सरेताईने कॅमेरा वर केला. उजेड कमी होता, कॅमेऱ्याचं शटर सावकाश पडणार होतं, म्हणजे जे हलेल ते पुसट येणार. तिने सवयीने तोंड उघडलं, पण तिच्या आधी बाबाच बोलले.

"हलू नका."

विमावाल्याने श्वास रोखला. जन्मभर काय काय पडणार ते मोजत आलेला तो माणूस डोळे मिटून असा स्थिर उभा राहिला की कानावरची पांढरी रेघसुद्धा मोजून घ्यावी.

तिने बटण दाबलं. बाबांचा हात हलला.